वहिनी जॉयस्टिक काढते

माझी वहिनी बढाईखोर आहे आणि तिच्या बढाया खऱ्या निघतात. माणसाने या दोन्हींपैकी एकच काहीतरी असावं. नुसता बढाईखोर असला तर पाठीमागे हसता येतं, नुसता कामाचा असला तर कौतुक करून मोकळं होता येतं. वहिनीच्या बाबतीत दोन्ही वाटा बंद. ती आधी छाती ठोकून सांगते, मग करून दाखवते आणि करून दाखवल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगते.

बढाई मात्र एकाच गोष्टीची. काढण्याची. लिफ्टचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ती कामाला आहे. तिथे जोडणारे पुष्कळ आहेत, काढणारी ती एकटी. सर्किट बोर्डावरचा प्रत्येक भाग आपल्या पायांवर उभा असतो. हे पाय बोर्डाच्या भोकांतून खाली उतरतात आणि तिथे सोल्डरच्या थेंबांनी घट्ट धरलेले असतात. एखादा भाग बिघडला की तो बदलण्याआधी हे थेंब काढावे लागतात. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक भोकाभोवती तांब्याची इवलीशी, कागदाहून पातळ चकती असते. थेंब पुरता वितळायच्या आत कुणी पाय ओढला की ती चकती उपटून हातात येते, आणि बोर्ड कचऱ्यात जातो. वर्कशॉपमध्ये भल्याभल्यांनी असे बोर्ड घालवलेत. वहिनीने एकही घालवलेला नाही. हे मला वर्कशॉपमधल्या कुणी सांगितलेलं नाही, वहिनीनेच सांगितलंय, आणि इतक्या वेळा सांगितलंय की आता मीही शपथेवर सांगू शकेन.

"लावायला काय, कुणीही लावेल," ती म्हणते. "काढायला हात लागतो, वन्सं."

मला वन्सं म्हणण्याइतकी ती जुन्या वळणाची नाही. ते फक्त मला खिजवायला. मी तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण, घरात सगळ्यांची छोटी, राहते पलीकडच्या गल्लीत, आणि माझा दिवसातला निम्मा वेळ तिच्या स्वयंपाकघरात जातो असं तिचं म्हणणं. घरातही हिचं काढणं चालूच असतं. सुजलेल्या बोटात अडकलेली अंगठी असो, तळव्यात रुतलेली काच असो, बाटलीत गेलेलं बूच असो, सगळे तिच्याकडेच येतात. ठाण मांडून बसलेल्या पाहुण्याला तर ती अशी काही काढते की जाताना तोच हिचे आभार मानतो.

दादाची गोष्ट वेगळी. दादा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होता. मशीनच्या आवाजाच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. भांडकुदळ, हट्टी, आणि मनाने इतका साफ की सकाळचं भांडण दुपारी त्याच्या लक्षातही नसायचं. लग्नाच्या वर्षी त्याने एक गेमची पेटी आणली होती. टीव्हीला जोडायची लांबट काळी पेटी. तिच्यावरच दोन्ही खेळाडूंची जॉयस्टिक आणि बटणं पक्की बसवलेली, त्यामुळे खेळणाऱ्यांना खांद्याला खांदा लावूनच बसावं लागे. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बदडायचे. संध्याकाळी कामावरून आले की दादा आणि वहिनी त्या पेटीपुढे बसत, आणि मग जे काही चाले त्याला खेळ म्हणायचं की संसार, हे मला कधी कळलं नाही. एरवी वहिनी दादाला अहो-जाहो करते. पेटीपुढे बसली की अहो गळून पडायचं. "ये ना, ये, घाबरलास का रे?" असं ती ओरडायची, आणि दादा कोपर मारून तिला जागेवरून सरकवायचा. वहिनी कधीमधी जिंकायची. बहुतेक वेळा दादा जिंकायचा आणि जिंकला की असा काही नाचायचा की खालच्या मजल्यावरची मावशी काठीने छताला ठोकायची.

दीड वर्षापूर्वी दादाचा उजवा हात मशीनच्या रुळांत गेला. चार बोटं गेली, अंगठा आणि तळवा राहिला.

हॉस्पिटल, ड्रेसिंग, व्यायाम, सगळं पार पडलं. कारखान्याने त्याला गोदामावर देखरेखीचं काम दिलं. डाव्या हाताने लिहायला, दाढी करायला, बटणं लावायला तो शिकला. लोक म्हणायचे, सावरला हो. मला तसं वाटत नव्हतं. दादा सभ्य झाला होता. जेवण कसं झालंय विचारलं तर छान म्हणायचा. खिडकी उघडू का म्हटलं तर चालेल, लावू का म्हटलं तरी चालेल. आवाज इतका खाली आलेला की कान देऊन ऐकावं लागे. आम्हीही काही कमी नव्हतो. त्याच्याशी कुणी वाद घालत नव्हतं. पत्ते खेळताना मी हातातलं चांगलं पान मागे ठेवायची. आमचे काका, जे आयुष्यात कुणाचं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत, तेसुद्धा दादाचं बोलणं मान डोलवत ऐकून घ्यायचे. सगळे मिळून आम्ही त्याला जिंकवत होतो आणि तो दिवसेंदिवस हरत चालला होता.

पेटी माळ्यावर गेली होती. एके दिवशी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने दादाला विचारलं, तुमची ती जुनी गेम पडूनच आहे ना, मला द्या, पंक्चर काढेपर्यंत पोरं बसतील खेळत. दादा म्हणाला, "न्या की. रविवारी संध्याकाळी या."

हे त्याने जेवताना सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. वहिनीच्या हातातला डाव तिथेच थांबला.

"अहो, त्याला नको म्हणून सांगा."

"का? धूळच खातेय."

"मी बदलून देते ती. तुम्हाला खेळता येईल अशी करते. जॉयस्टिक डावीकडे घेते, बटणांचं दुसरं काहीतरी करते."

"राहू दे गं. कशाला उगाच."

"उगाच नाही. मला खेळायचंय. कुणाबरोबर खेळू मी? हिच्याबरोबर?" ती माझ्याकडे हात करून म्हणाली. "हिला कुठलं बटण कशाचं तेसुद्धा कळत नाही."

हे खरं होतं. दादाने डाव्या हाताने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "एकदाच. रविवारी दिवसभरात काय करायचं ते कर. जमलं तर खेळेन. बिघडली तर तशीच्या तशी सायकलवाल्याकडे जाईल, आणि त्यानंतर या घरात खेळाचं नाव काढायचं नाही. तू नाही, छोटी नाही, कुणीच नाही. मला परत परत नाही म्हणायला लावू नका."

"कबूल," वहिनी म्हणाली. "सायकलवाल्याला आजच सांगून टाका, येऊ नको म्हणावं."

ताटं घासताना मी तिला विचारलं, "आणि खरंच बिघडली तर? ती कंपनी केव्हाच बुडाली. तसला बोर्ड जगात मिळायचा नाही."

"बिघडेल कशी? काढणार मी आहे, तू नाहीस."

तोंडाने असं म्हणाली, पण त्या आठवड्यात तिने आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि दादा दोन्ही वेळा छान म्हणून जेवला.

रविवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर पांढरी चादर पसरून वहिनीने दुकान मांडलं. दोन सोल्डरिंग आयर्न, एक बारीक आणि एक जाड टोकाचं. सोल्डर ओढून घेणारा पंप, त्याचा खटका दाबला की फट् करून वितळलेला थेंब पोटात जातो. उरलेलं टिपून घ्यायला तांब्याच्या तारांची विणलेली वेणी. पाय कापायची कातर. आणि एका पिशवीत वर्कशॉपमधून मागून आणलेली, भंगारात निघालेल्या लिफ्टची बटणं. चांगली बशीएवढी, गोल, स्टीलची. लिफ्टच्या बटणावर जग येऊन मुठी आपटतं, त्यामुळे ही तळव्याने बडवली तरी काही होणार नाहीत, असं तिचं म्हणणं. त्यांच्यावर आकडे कोरलेले होते आणि दोन बटणांवर दार उघडायची आणि लावायची खूण होती.

बेत असा होता. दादा पेटीच्या उजव्या बाजूला बसायचा. तिथली जॉयस्टिक उजव्या हाताची आणि बटणं डाव्या हाताची. आता जॉयस्टिक डाव्या हाताखाली यायला हवी आणि बटणं उजव्या तळव्याखाली. त्यासाठी त्या बाजूचं सगळं बोर्डावरून काढायचं. जुनी बटणं फेकून द्यायची, त्यांच्या जागी तारा जोडून त्या लिफ्टच्या बटणांना न्यायच्या. आणि जॉयस्टिक अलगद सोडवून, तारा लावून, डावीकडे बसवायची.

दादा आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसला होता. सकाळपासून त्याने पान उलटलेलं नव्हतं.

वहिनीने आमची कपड्यांची इस्त्री उलटी करून पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये बसवली आणि तिच्यावर चार बोटं अंतर सोडून बोर्ड टेकवला.

"हे काय? बोर्डाला इस्त्री?"

"बोर्डाच्या पोटात तांब्याचा मोठा पत्रा आहे," ती म्हणाली. "मी वरून कितीही तापवलं तरी सगळी ऊब तो पिऊन टाकतो. म्हणून आधी खालून कोमट करायचा. त्याची तहान भागली की मग तो आपलं ऐकतो."

मग तिने एक विचित्र गोष्ट केली. काढायचं होतं ते जुनं सोल्डर, आणि तिने त्याच्यावर आणखी नवं सोल्डर घातलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "माहितीये काय विचारणार आहेस. जुनं वाळून खट्ट झालंय, एकटं वितळत नाही. नवं मिसळलं की त्याच्याबरोबर हे पण वाहतं." राळेचा धूर निघाला, थेंब चमकला, फट् असा आवाज आला, आणि भोक आरपार दिसायला लागलं. मी कितीही खवचट असले तरी खोटं बोलणार नाही, ते बघायला फार सुंदर होतं.

पुढची बटणं तिने वर्कशॉपच्या झपाट्याने उरकली. फेकायचाच भाग आहे तर त्याला जपायचं कशाला? कातरीने बुडाशी पाय कापायचे, वरचं धड उचलून टाकायचं, मग बोर्डात उरलेले पाय एकेक करून तापवून सोडवायचे. म्हणजे बोर्डावर ताण येत नाही. कट, कट, कट, कट. धड डब्यात. फट्, फट्. हात चालत होते आणि तोंडही चालत होतं. वर्कशॉपच्या मालकाने कसा एकदा तिच्यासाठी जळका बोर्ड दुसऱ्या गावाहून मागवला, तो बघून सगळ्यांच्या तोंडचं पाणी कसं पळालं, आणि हिने कसा...

कट, कट, कट.

गोष्ट मध्येच तुटली. मी वर बघितलं. वहिनीच्या हातातली कातर जॉयस्टिकच्या बुडाशी होती आणि जॉयस्टिकचे तीन पाय कापून झाले होते.

बटणं संपली होती आणि हात थांबला नव्हता. इतकी वर्षं तिने काढलेला प्रत्येक भाग मेलेला होता. बोर्ड वाचवायचा आणि भाग कचऱ्यात टाकायचा, हेच तिच्या बोटांना ठाऊक. या वेळी भाग जिवंत ठेवायचा होता, आणि हे तिला ठाऊक असलं तरी बोटांना कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी गप्प बसलेली मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. तिचा चेहरा इतका पडला की मला तिच्या सगळ्या बढाया एकदम हव्याशा वाटल्या.

"जोडता येईल ना?" मी हळूच विचारलं.

"बुडाशी कापलेत. प्लॅस्टिक कोरून आतलं टोक उघडं करता येईल, केसासारखी तार लावता येईल. पण ती पक्की नाही. कधी वर म्हटलं तर वर जाईल, कधी नाही जाणार. अशी जॉयस्टिक त्यांच्या हातात देऊ? आधीच ते..." ती थांबली.

"मग सांगू नकोस. लाव तशीच. दादाला काय कळतंय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी अर्ध्या वाक्यातच नाहीशी झाले असते तर बरं झालं असतं. मग ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, मी चुकले. तुमच्या जॉयस्टिकचे पाय कापले मी."

दादा बाहेर आला. टेबलापाशी वाकून बघितलं. त्या तीन कापलेल्या पायांवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. मला वाटलं आता म्हणणार, असू दे, चालेल. तेवढं एक चालेल तो म्हणाला असता, तर सगळं संपलं असतं.

"तू माझी जॉयस्टिक कापलीस?"

"हो."

"माझी?" या वेळी आवाज जरा वर होता. "कापलीस? अगं, तू काढणारी ना? सगळ्या जगाला सांगत फिरतेस ना, काढावं तर मीच! आणि माझीच जॉयस्टिक कापून ठेवलीस? डोळे काय वर्कशॉपमध्ये ठेवून आलीस?"

भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हटलं तर ते खोटं होईल, पण खालच्या मावशीने छताला काठी ठोकली हे शपथेवर खरं. दीड वर्षानंतर ठोकली. वहिनी समोर उभी, डोळ्यांत पाणी, आणि ओठ मात्र हसू आवरत नव्हते.

"ओरडता काय माझ्यावर?" तीही ओरडली. "सकाळपासून पाठ मोडून काम करतेय! तुम्ही बसलात आत पेपर धरून, तोही उलटा!"

"उलटा नव्हता!"

"उलटाच होता!"

मी मध्ये पडले नाही. असलं भांडण ऐकायला मी पैसे दिले असते.

दादा धापा टाकत पेटीकडे बघत होता. मग त्याने डाव्या हाताचं बोट पेटीच्या दुसऱ्या टोकावर ठेवलं. "तुझी काढ."

"काय?"

"तुझ्या बाजूची जॉयस्टिक. ती चांगली आहे ना? ती काढ आणि मला दे. माझी कापलेली तुला. चूक तुझी, तर डगडगती तू घे."

वहिनीने पदर कमरेला खोचला. "घेते. त्या डगडगतीवर पण तुम्हाला लोळवीन."

पण ती काढायला बसल्यावर खरी अडचण कळली. आता पाय कापायचे नव्हते. सगळे पाय एकाच वेळी मोकळे व्हायला हवे होते. बारीक पायांचं तिने बघता बघता उरकलं. जॉयस्टिकच्या धातूच्या चौकटीचे चार जाड पाय मात्र थेट त्या तांब्याच्या पत्र्यात रुतलेले. खाली इस्त्री पूर्ण तापवली, तरी एका आयर्नने थेंब नुसता वरवर ओला व्हायचा. वहिनीने एका हातात बारीक आणि एका हातात जाड आयर्न घेतलं आणि एकाच पायाला दोन्ही बाजूंनी भिडवलं. थेंब वितळला. पण आता पंप कोण धरणार?

"वन्सं, धर."

मी पंप धरला. ती म्हणाली, दाब. मी दाबला तो थेंबापासून दोन बोटं लांब. दुसऱ्यांदा मी आधीच दाबला. तिसऱ्यांदा खटका माझ्या अंगठ्यावर उलटला आणि मी पंप टाकून अंगठा तोंडात घातला. "जास्त वेळ तापलं तर चकती उठेल!" वहिनी ओरडली आणि तिने दोन्ही आयर्न बाजूला घेतली. तिच्या कपाळावर घाम होता.

"हो बाजूला," दादा मला म्हणाला. त्याने खुर्ची ओढली आणि वहिनीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसला. पंप डाव्या हातात घेतला, दांडी उजव्या तळव्याने दाबून खटका चढवला, आणि पंपाचं टोक पायाच्या अगदी कडेला आणून धरलं. डावा हात जरासुद्धा हलत नव्हता. दीड वर्ष त्या हाताने दाढी केली होती, बटणं लावली होती, कागदावर रेघ न चुकता सही केली होती. तो हात किती तयार झाला होता ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सांग."

"थांबा. अजून नाही. वरचं वितळलंय, आतलं नाही. अजून नाही... आता!"

फट्.

दोघांनी एकदम वाकून बघितलं. जाड पायाभोवतीचं भोक मोकळं झालं होतं.

दुसरा पाय गेला. तिसरा गेला. चौथ्याला नवं सोल्डर घातलं तरी तो हटेना. वहिनीने बोटाने जॉयस्टिक हलवून पाहिली, ती किंचित हलली, आणि तिचा हात ती ओढायला पुढे गेला. एवढं झाल्यावर कुणाचाही गेला असता.

"ओढू नकोस," दादा म्हणाला. "परत तापव. घाई कुणाला आहे?"

तिने परत तापवलं.  थेंब आधी खरखरीत दिसला, मग कडा गोल झाल्या, मग आरशासारखा लख्ख झाला. "आता," ती पुटपुटली, आणि फट् झालं. वहिनीने बोर्ड उचलून हलकेच झटका दिला. जॉयस्टिक आपल्याच वजनाने घसरली आणि दादाच्या तळहातावर पडली. सगळे पाय शाबूत. बोर्डावरच्या सगळ्या चकत्या जागच्या जागी, एकीला ओरखडा नाही.

"बघितलंस?" दादा माझ्याकडे वळून म्हणाला. "बघितलंस कशी काढली? काढायला हात लागतो!"

"माझं वाक्य आहे ते!" वहिनी म्हणाली. दोघं असे हसत सुटले की मला तिथून उठून चहा टाकायला जावं लागलं. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

दुपारभर जोडणं चाललं. त्या कामाला काही मान नाही असं वहिनीचंच म्हणणं, त्यामुळे ते मीही थोडक्यात सांगते. चांगली जॉयस्टिक दादाच्या डाव्या हाताखाली गेली. लिफ्टची बटणं एका फळीवर पक्की करून उजव्या तळव्याखाली आली. कापलेल्या पायांना वहिनीने केसासारख्या तारा लावल्या आणि ती जॉयस्टिक स्वतःच्या बाजूला बसवली. संध्याकाळच्या उन्हात पेटी टीव्हीला लावली. पडदा आधी पांढरा झाला, मग दोन पैलवान उभे राहिले. त्यांना बघून मला भावाला भेटल्यासारखं झालं.

पहिली कुस्ती दादा हरला. त्याचा पैलवान नुसताच उड्या मारत होता. दुसरीही हरला. "हे पाच नंबर म्हणजे लाथ ना?" "नाही, लाथ म्हणजे दार उघडायचं बटण." "असलं कसलं लावलंस!" तिसरी हरला तेव्हा त्याने फळीवर असा तळवा आपटला की फळी जागेवरून सरकली. वहिनी जरासुद्धा नमली नाही. तिची जॉयस्टिक मधूनच दगा द्यायची, तरी ती खदखदत होती. "ये ना रे, ये! घाबरलास का?"

"परत," दादा म्हणाला. आणि परत हरला, आणि परत म्हणाला.

कितव्या वेळी ते मी मोजलं नाही. वहिनीचा पैलवान अंगावर धावून आला, दादाने डाव्या हाताने आपला पैलवान खाली बसवला, उजवा तळवा आधी तीनवर आणि लगेच दार लावायच्या बटणावर पडला, आणि वहिनीचा पैलवान उडून पडद्याच्या बाहेर गेला.

 मी दादाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद यायचा होता, पण तो अजून आला नव्हता. तो वहिनीकडे टक लावून बघत होता.

"खरं सांग," तो म्हणाला. अगदी हळू, गेल्या दीड वर्षातल्या आवाजात. "मुद्दाम हरलीस?"

वहिनीचं तोंड लालबुंद झालं. "मुद्दाम? मी? अरे, मी आयुष्यात कधी कुणाकडून मुद्दाम हरलेय? माझी जॉयस्टिक अडकली! मी वर दाबत होते आणि तो मेला खालीच बसला! नाहीतर तुझी काय हिंमत होती? हे धरत नाही मी, ही कुस्ती धरायचीच नाही, छोटे, तू बघितलंस ना, माझी अडकली होती!"

इतका खरा संताप जगात कुणाला खोटा आणता यायचा नाही. डोळ्यांत पाणी, नाकपुड्या फुललेल्या, कापलेल्या पायांची जॉयस्टिक ती दोन्ही हातांनी गदागदा हलवत होती. तिला हरल्याचं खरोखर वाईट वाटलं होतं. दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं, नीट निरखून बघितलं, आणि मग त्याची खात्री पटली.

तो उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि खोलीभर नाचायला लागला.